उत्तर मिळाले, पुढे काय झाले?

जबलपूर शहराच्या दक्षिण कडेला नर्मदाकाठी ग्वारीघाट आहे. गोंदियाहून बालाघाट-नैनपूरमार्गे येणारा, पूर्वी नॅरोगेज असलेला लोहमार्ग नर्मदा ओलांडून याच नावाच्या स्थानकावरून शहरात शिरतो. विदर्भातील वाचकांना हे नाव त्यामुळे ओळखीचे असेल. नर्मदा परिक्रमा केलेल्यांना तर आहेच. या परिसरापासून नरसिंहपूरकडे पसरलेल्या भारी काळ्या जमिनीत एके काळी 'हवेली' पद्धतीची शेती सर्वत्र होती. शेताला उंच बांध घालून पावसाचे पाणी खरीपभर साठवायचे, ऑक्टोबरच्या सुमारास ते सोडून द्यायचे आणि वाफसा येताच गहू, हरभरा किंवा मसूर पेरायचा. ओल टिकत असे आणि पाण्याखाली राहिल्याने बहुतांश तण आपोआप नष्ट होत असे.

या पद्धतीची एक बाजू कृषी विस्ताराच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. वरच्या शेतातील पाणी खालच्या शेतातून वाट काढते. त्यामुळे बांध केव्हा फोडायचा, हा निर्णय एकट्याने घेऊन भागत नसे. शेजाऱ्याशी बोलावेच लागे. शिवाय त्या बोलण्याचा परिणाम दोघांच्याही डोळ्यांसमोर राहत असे. सल्ला चुकला तर पेरणी लांबे आणि ते साऱ्या शिवाराला दिसे.

सोयाबीन आले, खरिपात पडीक राहणारी जमीन पिकाखाली आली आणि हवेलीचे क्षेत्र आटले. तणांचा बंदोबस्त पाण्याकडून तणनाशकाकडे गेला. शेजाऱ्याशी होणारी चर्चाही हळूहळू भ्रमणध्वनीवरील गटांकडे गेली. आज जवळजवळ प्रत्येक कृषी विज्ञान केंद्राचा, प्रत्येक तालुक्याचा, कित्येकदा एकेका पिकाचा व्हॉट्सअॅप गट असतो. त्यांची सुरुवात उत्साहात होते. पहिल्या हंगामात छायाचित्रे येतात, प्रश्न येतात, विषय विशेषज्ञ रात्री उशिरापर्यंत उत्तरे देतात. दुसऱ्या-तिसऱ्या हंगामापर्यंत सुप्रभातचे संदेश, बाजारभावाची कात्रणे आणि निविष्ठांच्या जाहिराती यांच्या गर्दीत शेतीचा प्रश्न शोधावा लागतो. जाणकार शेतकरी गट सोडत नाहीत. ते फक्त बोलणे थांबवतात. सदस्यसंख्या पाहून गट जिवंत आहे असे समजणाऱ्या कार्यकर्त्याच्या हे लक्षातही येत नाही.

याने प्रत्यक्ष काय बिघडते, हे गव्हातील एका तणावरून समजते. हरियाणात 'मंडूसी' म्हणून ओळखले जाणारे फॅलॅरिस मायनर हे तण कोवळेपणी गव्हासारखेच दिसते. त्यावर आयसोप्रोट्युरॉन हे तणनाशक वर्षानुवर्षे वापरले गेले आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीस तण त्याला दाद देईनासे झाल्याचे तेथे सिद्ध झाले. अशी प्रतिकारशक्ती प्रयोगशाळेत पोहोचण्यापूर्वी शेतात दिसते आणि शेतकऱ्याच्या तोंडी ती एकाच वाक्यात येते: फवारले, पण तण मेले नाही. हेच वाक्य मात्रा कमी पडल्यावरही येते, फ्लॅट फॅनऐवजी हॉलो कोन नोझल वापरल्यावर येते, तण मोठे झाल्यावर किंवा ओल नसताना फवारल्यावरही येते. कारण कोणते, हे पुढील चार प्रश्न विचारल्याखेरीज कळत नाही. विझलेल्या गटात ते विचारले जात नाहीत. कोणीतरी दुसऱ्या औषधाच्या बाटलीचे छायाचित्र टाकतो, दोघेजण अंगठा दाखवतात आणि संभाषण संपते. शेतकऱ्याचा एका फवारणीचा खर्च वाया जातो, पिकाला इजा होण्याचा धोका वाढतो. प्रतिकारशक्तीची पहिली खूण असेल, तर तीही तेथेच पुसली जाते. जबलपूरला महाराजपूर येथे १९८९पासून तण संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. तिच्या दृष्टीने अशी नेमकी तक्रार हा कच्चा माल आहे.

हा प्रश्न व्हॉट्सअॅपने निर्माण केलेला नाही. १९५६मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील दीडशे गावांत रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. (योगायोग असा की गाजरगवताची भारतातील नोंदही याच दशकात पुण्यातच झाली.) फेब्रुवारी ते एप्रिलदरम्यान आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी अर्ध्या तासाचे असे वीस कार्यक्रम झाले. गावातील सुमारे वीसजण एकत्र बसून ऐकत, मग चर्चा करीत आणि चर्चेचा अहवाल व शंका केंद्राकडे पाठवीत. शंकांची उत्तरे पुढील कार्यक्रमात येत.

टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूरॅथ यांनी या प्रयोगाचे मूल्यमापन केले. मंडळे असलेल्या गावांची तुलना त्यांनी दोन प्रकारच्या गावांशी केली: रेडिओ असूनही मंडळ नसलेली आणि रेडिओच नसलेली. ज्ञानात ठळक वाढ झाली ती मंडळे असलेल्या गावांत. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती फारशी दिसली नाही. फरक घडवला तो बसून केलेल्या चर्चेने. पुढे १९५९पासून ही योजना देशभर पसरली, मंडळांची संख्या हजारांवर गेली आणि पुण्यातील प्रयोगाला लाभलेली देखरेख मात्र पसरत्या योजनेबरोबर सर्वत्र पोहोचली नाही. कागदावर मंडळे राहिली, बैठका विरळ होत गेल्या.

त्या मंडळात वीसजण होते. व्हॉट्सअॅप गटाची मर्यादा २०१६मध्ये २५६ होती, २०२२मध्ये ती १०२४ झाली. हजार अनोळखी माणसांसमोर आपली फसलेली फवारणी कोणी सांगत नाही. वीसजणांत सांगतो, कारण त्यांतील पाचजणांनी ते शेत पाहिलेले असते. इंडोनेशियात १९८९मध्ये भातावरील तुडतुड्यांसाठी सुरू झालेल्या शेतकरी शेतीशाळांनीही पंचवीस-तीसच्या वर गट जाऊ दिला नाही. मोठा गट सूचना देण्यासाठी ठेवावा, त्यात सदस्यांना लिहिण्याची मुभा बंद केली तरी हरकत नाही. चर्चेसाठी एका शिवाराचा, एका पिकाचा लहान गटच हवा.

तज्ज्ञ गप्प का होतात, याचेही कारण साधे आहे. तेच ते अपुरे प्रश्न येतात. उत्तर दिल्यावर शेतकऱ्याने काय केले, हे कधीच कळत नाही. पीक किती दिवसांचे, तण किती पानांचे, आधी काय फवारले, कोणत्या नोझलने आणि किती पाण्यातून, एवढे लिहिल्याशिवाय प्रश्न पुढे जाऊ न देणे ही कार्यकर्त्याची जबाबदारी आहे. अशाने आरंभी प्रश्न कमी येतील. येऊ द्यावेत.

दुसरे काम अधिक कंटाळवाणे आहे आणि बहुधा म्हणूनच ते राहून जाते. नोव्हेंबरच्या मध्यास पेरलेल्या गव्हात तणनाशकाचे प्रश्न डिसेंबरच्या मध्यास येऊ लागतात. उत्तर दिले त्याच दिवशी वहीत शेतकऱ्याचे नाव, दिलेला सल्ला आणि पंधरा दिवसांनंतरची तारीख लिहून ठेवावी. त्या तारखेला कार्यकर्त्याने स्वतः फोन करावा, शक्य तर शेतावर जावे आणि तण मेले की नाही, ते छायाचित्रासह त्याच लहान गटात टाकावे. सल्ला फसला असेल तर तेही.