आरसेमहालातील सारा

एकांकिका म्हणजे संकोचलेले नाटक, तीन अंकांचा आवाका अद्याप न आलेल्या लेखकाचा सराव, अशी जी समजूत आपल्याकडे स्पर्धांच्या वातावरणात नकळत रुजली आहे, ती निदान मनोविकाराच्या नाट्यरूपापुरती तरी टिकणारी नाही. कारण भ्रमिष्ट मनाला मध्यंतर नसते, आणि प्रेक्षकाला एकदा चहापानासाठी बाहेर सोडले, की तो शहाण्या जगाचा आधार घेऊनच परत आसनावर येतो. रशियन नाटककार निकोलाय येव्रेइनोव यांनी १९१२ साली सेंट पीटर्सबर्गच्या रंगभूमीवर जी एकांकिका आणली, तिचे स्थळ मनुष्याचा उरःपिंजराच होते: आत हृदय धडधडते आहे, आणि विवेकी मी, भावनिक मी व सुप्त मी असे एकाच इसमाचे तीन हिस्सेदार आपापली कैफियत मांडीत आहेत. कल्पना विलक्षण खरी, परंतु प्रत्येक हिस्सेदाराचा हक्क तेथे स्पष्ट नोंदलेला आहे. हे वाटप ज्यांनी साफ अमान्य केले, त्या अमेरिकन कृष्णवर्णीय नाटककार एड्रिएन केनेडी यांच्या ‘फनीहाउस ऑफ अ निग्रो’ या एकांकिकेविषयी येथे सविस्तर लिहावयाचे आहे.

केनेडी यांचा जन्म १९३१ चा, पिट्सबर्गचा. बालपण क्लीव्हलंडमध्ये गेले. १९६० साली पतीसमवेत त्या बोटीने युरोपास व पुढे आफ्रिकेस गेल्या. लंडनमध्ये बकिंगहॅम राजवाड्यासमोरील व्हिक्टोरिया राणीच्या विशाल पुतळ्याने त्यांच्या मनाचा ताबा घेतला. घानातील आक्रा येथे वास्तव्य असता, १९६१ च्या जानेवारीत, काँगोचे पदच्युत पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांची हत्या झाली. ज्या भूमीत आपले पूर्वज शोधावयाचे, तेथेच पितृतुल्य वाटावा अशा नायकाचा वध झालेला ऐकावा, हा आघात नाटकाच्या मुळाशी आहे. मसुदा रोममध्ये पूर्ण झाला. पुढे न्यूयॉर्कला एडवर्ड ऑल्बी यांच्या नाट्यलेखनवर्गात तो वाचला गेला, तेव्हा आपले अंतरंग इतके उघडे पडलेले पाहून केनेडी माघार घेऊ लागल्या होत्या. ऑल्बींनी त्यांना त्यापासून परावृत्त केले आणि पुढे प्रयोगाच्या निर्मितीतही भाग घेतला. १४ जानेवारी १९६४ रोजी ईस्ट एंड थिएटरमध्ये मायकेल कान यांच्या दिग्दर्शनाखाली पहिला प्रयोग झाला. प्रयोगसंख्या अल्प राहिली, तरी त्या वर्षीचा ओबी पुरस्कार या कृतीस मिळाला.

नाटकाची नायिका सारा ही न्यूयॉर्कमधील एका खोलीत राहणारी, इंग्रजी साहित्याची विद्यार्थिनी. आई गौरवर्ण भासावी इतकी उजळ, वडील काळे. आणि वडिलांचा तो वर्ण हे आपल्यावर ओढवलेले अरिष्ट आहे, अशी तिची धारणा. ती एकटी कधी नसते: हॅप्सबर्ग घराण्याची डचेस, व्हिक्टोरिया राणी, कुबडा व पिवळसर कांतीचा येशू आणि स्वतः लुमुंबा हे चौघेही ‘मी’ म्हणूनच बोलतात, एकमेकांची वाक्ये उचलून पुन्हा म्हणतात, आणि त्या आवर्तनात मूळ वक्ता कोण हे ठरविण्याची आपली शक्ती हळूहळू संपत जाते. राण्यांचे चेहरे मुखवट्याने वा पिठासारख्या रंगाने पांढरे केलेले, परंतु शिरोवस्त्राखालून कुरळे आफ्रिकन केस डोकावतात, आणि तेही गळत राहतात. ही डचेस म्हणजे मेक्सिकोचा बादशहा मॅक्सिमिलियन याची पत्नी शार्लोट. नवऱ्याची डळमळती सत्ता वाचविण्यासाठी ती १८६६ साली युरोपात मदतीची याचना करीत फिरली, त्या प्रवासातच तिची बुद्धी भ्रमली, आणि १९२७ पर्यंत ती जिवंत होती. साराने आपल्यासाठी निवडलेले सम्राज्ञीपद असे आधीच वेडाने ग्रासलेले आहे. ही निवड मला केनेडी यांच्या प्रतिभेचा फार मोठा दाखला वाटते.

व्हिक्टोरियाच्या बाबतीत मराठी वाचकास स्वतःचे एक स्मरण होणे अपरिहार्य आहे. मॅथ्यू नोबल यांनी घडविलेला राणीचा संगमरवरी पुतळा मुंबईत १८७२ साली बसविण्यात आला, आणि १८९६ साली दामोदर हरी चापेकर यांनी त्याच शुभ्र मूर्तीला डांबर फासले. चापेकरांचा संताप ज्यावर कोसळला ती राणी बाहेर, भर रस्त्यात होती; साराची राणी तिच्या खोलीत आणि तिच्या कंठात वस्तीला आली आहे, म्हणून तिला काळे फासावयाचे तर तो हात आपल्याच तोंडावर फिरवावा लागतो. परकी हुकूमत उठून गेली तरी तिचे दप्तर मनात चालू राहते, याचा याहून कठोर पुरावा नाट्यवाङ्मयात माझ्या वाचनात नाही.

आता प्रतारणेचा प्रश्न. आफ्रिकन मुखवट्याने प्रहार करून मी बापाला ठार मारले, असे सारा सांगते. घरमालकीण सांगते की लुमुंबांच्या हत्येची वार्ता कळल्यावर बापाने हार्लेममधील हॉटेलात गळफास घेतला. शेवटी साराचाच देह टांगलेला दिसतो, आणि तिचा मित्र रेमंड, ज्याच्या खोलीत पडद्यांमागे आरसे आहेत, निवांतपणे जबानी देतो की ती खोटे बोलत असे: बाप जिवंत आहे, डॉक्टर आहे, गोऱ्या स्त्रीशी विवाहबद्ध होऊन युरोपीय शोभावस्तूंच्या संगतीत सुखाने राहतो. अनेक वाचक येथे सुटकेचा निःश्वास टाकतात. आजारी मुलीचे असत्य उघडकीस आले, फाईल बंद झाली. मला हे वाचन मान्य नाही. रेमंड हाच या आरसेमहालाचा, म्हणजे ‘फनीहाउस’चा, मालक आहे, त्याच्या साक्षीला दुसऱ्या कोणाचाही दुजोरा नाही. आणि ती खरी धरली तरी बापाचे ते दिवाणखान्यातील वैभव म्हणजे साराच्याच स्वप्नाची यशस्वी आवृत्ती ठरते. ज्या इच्छेने लेकीचा प्राण घेतला, तिनेच बापाला प्रतिष्ठा दिली, इतकेच काय ते निष्पन्न होते. तेव्हा रोगाचे निदान एकट्या साराच्या नावावर कसे लिहावयाचे?

केनेडी यांची ब्रॉडवेवरील पहिली कृती, ‘ओहायो स्टेट मर्डर्स’, २०२२ साली, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी अवतरली. एवढ्या विलंबाबद्दल अमेरिकन रंगभूमीने खेद मानावयास हवा. ‘फनीहाउस’ करू पाहणाऱ्या आपल्याकडील तरुण दिग्दर्शकांना माझी एवढीच विनंती आहे, की केसगळतीच्या दृश्यांवर व प्रकाशयोजनेवर खर्च करावयाचे श्रम रेमंडच्या अखेरच्या भाषणासाठी राखून ठेवावेत, आणि ते न्यायाधीशाच्या निकालासारखे न म्हणविता, ज्याला या प्रकरणात स्वतःची सोडवणूक करून घ्यावयाची आहे अशा साक्षीदाराच्या तोंडी शोभेल अशा घाईने म्हणवून घ्यावे.