बर्फाळ प्रदेशाचे संगीत आणि आपली झोप

शब्द नाहीत, ठेका नाही. वाऱ्याचा घोंगावणारा आवाज, बर्फाची करकर आणि त्यावर हळूहळू पसरत जाणारे सूर. अशा संगीताला ‘अँबियंट’ म्हणतात, म्हणजे हवेसारखे आपल्या भोवती राहणारे. झोप येत नाही म्हणून रात्री मोबाइलवर शांत संगीत शोधणाऱ्यांना ते आता सहज सापडते. ते आले कुठून आणि त्याने झोपेला मदत होते का, हे या वेळी आपण पाहू.

या संगीताची सुरुवात एका आजारपणाशी जोडलेली आहे. १९७५ साली इंग्लंडचे संगीतकार ब्रायन ईनो यांना टॅक्सीची धडक बसली. ते अंथरुणाला खिळले होते. भेटायला आलेल्या मैत्रिणीने हार्प या तंतुवाद्याची रेकॉर्ड लावून दिली, पण आवाज फारच बारीक होता आणि उठून वाढवायची ताकद नव्हती. पावसाच्या आवाजात मिसळलेले ते सूर त्यांना वेगळेच जाणवले. पुढे १९७८ मध्ये त्यांनी विमानतळासाठी शांत संगीत रचले आणि त्याला ‘अँबियंट’ हे नाव दिले.

उत्तरेकडच्या कलावंतांनी त्यात बर्फ आणला. नॉर्वेतले ट्रॉम्सो हे शहर आर्क्टिक वृत्ताच्याही सुमारे ३५० किलोमीटर उत्तरेला आहे. तिथे नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. तिथले गाइर येन्सेन ‘बायोस्फिअर’ या नावाने संगीत करतात. त्यांचा १९९७ चा ‘सबस्ट्राटा’ हा अल्बम या प्रकारात फार नावाजला गेला. जर्मनीचे थॉमस क्योनर यांनी १९९३ च्या अल्बमला ‘पर्माफ्रॉस्ट’, म्हणजे कायम गोठलेली जमीन, असेच नाव दिले.

आता आरोग्याचे बोलू. संगीत आणि निद्रानाश यांवरील १३ चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात एकूण १,००७ लोक होते. रोज संगीत ऐकणाऱ्यांना आपली झोप सुधारल्याचे जाणवले, असे त्यात दिसले. ऐकण्याचा वेळ साधारण २५ ते ६० मिनिटे होता. हा आढावा केवळ बर्फाळ संगीताचा नव्हता, त्यामुळे हेच संगीत हवे असे मुळीच नाही. मात्र शब्द नसले की मन अर्थामागे धावत नाही, आणि आवाज एकाएकी चढला नाही की माणूस दचकत नाही. ज्यांना ही गार शांतता एकाकी किंवा भीतिदायक वाटते, त्यांनी ते बंद करून आवडीचे दुसरे संथ संगीत लावावे.

ऐकताना एवढे सांभाळा:

• रोज ठरलेल्या वेळी ऐका. आपोआप बंद होण्याचा टायमर लावा आणि मोबाइल पालथा ठेवा.
• इअरफोन कानात घालून झोपू नका. लहान स्पीकर बारीक आवाजात लावा, शेजारच्या खोलीत ऐकू जाणार नाही इतकाच.
• इअरफोन वापरायचाच तर लक्षात ठेवा, जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी सांगितलेली मर्यादा आठवड्याला ४० तास आणि ८० डेसिबल आहे.
• कान वाहत असेल किंवा कानात सतत गुणगुण होत असेल, तर इअरफोन बाजूला ठेवून डॉक्टरांना कान दाखवा.

आठवड्यातून तीन रात्री किंवा जास्त, असे तीन महिने झोप लागत नसेल, किंवा झोपेत मोठ्याने घोरताना श्वास अडकत असेल, तर संगीतावर विसंबू नका. डॉक्टरांकडे जा.

आणि बाहेरच्या कर्ण्यामुळे झोप उडत असेल, तर कानात दुसरा आवाज भरणे हा उपाय नव्हे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला, सरकारने खास सूट दिलेले मोजके दिवस सोडले तर, बंदी आहे. ११२ वर तक्रार करता येते. वस्तीतल्या तान्ह्या बाळाला, आजाऱ्याला आणि पहाटे कामावर निघणाऱ्याला शांत रात्र मिळालीच पाहिजे.