शेकडा साडेतीन रुपये

'आमच्याकडे कर्ज असं काही नाही हो, फक्त हप्ते आहेत.' हे वाक्य मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलंय की आता त्याचं हसूही येत नाही. एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात मी एकतीस वर्षं काढली. निवृत्तीनंतर आमच्या महिला मंडळात शनिवारी दुपारी हिशोबाच्या मदतीला बसते. कुणाला पोस्टाचा फॉर्म भरून हवा असतो, कुणाला पासबुकातली नोंद कळत नाही. चहा होतो, बाकीच्या उठतात आणि एखादी मागे रेंगाळते. पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढून हळूच म्हणते, 'काकू, जरा बघता का?'

आपल्या आज्यांना कर्जाची भाषा चांगली कळायची. सावकार 'शेकडा तीन रुपये' म्हणाला की शंभराला महिन्याला तीन, म्हणजे वर्षाला छत्तीस, हे शाळेत न गेलेल्या बाईलाही ठाऊक असायचं. आता क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटवर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत महिन्याला साडेतीन टक्के छापलेलं असतं. पण 'शेकडा साडेतीन रुपये' असं कुणी म्हणत नाही, म्हणून त्याची भीतीही वाटत नाही. जुना सावकार निदान ओट्यावर येऊन बसायचा, चार लोकांना दिसायचा. हा पाकिटात बसतो.

आमच्या भागात पोळीभाजीचं छोटं केंद्र चालवणारी एक जण मागच्या वर्षी अशीच थांबली. (ओळख पटू नये म्हणून दोन-चार तपशील बदललेत, आकड्यांचं गणित तेच आहे.) तिच्या हातात फक्त कार्डाचं स्टेटमेंट होतं. मी म्हटलं, 'अगं, हे एकच का? सगळं एका पानावर लिही, मग बोलू.' म्हणाली, 'सगळं मिळून असेल लाखभर.' ती यादी पुरी व्हायला तीन शनिवार लागले. पहिल्यांदा तीन ओळी झाल्या: कार्डाचे ५०,०००, मुलाच्या मोबाइलचे २,१०० चे सात हप्ते, पाटल्यांवर बँकेतून काढलेले ८०,०००. दुसऱ्या शनिवारी बचत गटाचे २०,००० आठवले आणि फोनवरच्या एका अ‍ॅपचे १५,०००. त्यातले हातात आले होते १२,७५०, बाकीचे फी म्हणून आधीच कापून घेतलेले. तिसऱ्या शनिवारी बराच वेळ पदराशी चाळा करून म्हणाली, 'नणंदेकडून चाळीस हजार घेतलेत. ह्यांना माहीत नाही.' बेरीज झाली २,१९,७००.

अ‍ॅपवरचं कर्ज कशासाठी काढलं, तर मुलीची फी आणि कार्डाचा हप्ता भरायला. खरी घसरण इथूनच सुरू होते, कारण एका कर्जाचा हप्ता दुसऱ्या कर्जातून जायला लागतो. कार्डावर ती नेमाने 'मिनिमम ड्यू' भरत होती आणि आपण वेळेवर भरतोय याचं तिला समाधान होतं. मी तिच्यासमोर गणित मांडलं. ५०,००० वर महिन्याचं व्याज १,७५०. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३१५. झाले २,०६५. ती भरत होती २,५००. म्हणजे मुद्दल कमी झालं अवघं ४३५ रुपयांनी! त्यातून जुनी बाकी असताना नवी खरेदी केली की तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, बिनव्याजी मुदत मिळत नाही. बिचारीने त्याच कार्डावर किराणा भरला होता.

आणि याच बाईच्या नावावर ४५,००० ची मुदत ठेव होती! 'ती मुलीच्या लग्नाची आहे, तिला हात नाही लावायचा.' मुलगी तेव्हा नववीत. ठेवीवर साडेसहा टक्के, म्हणजे महिन्याला जेमतेम २४४ रुपये मिळत होते आणि कार्डापायी २,०६५ जात होते. हे मी बँकेतही शेकडो वेळा पाहिलंय. बाईच्या मनात ठेव हे देवघर असतं आणि कर्ज हा उंबऱ्याबाहेरचा मामला. दोन्ही एकाच घरातले पैसे आहेत हे मानायला मन तयार होत नाही. आठवडाभर विचार करून तिने ठेव मोडली. ४०,००० कार्डात भरले. पाच हजार मी खात्यातच ठेवायला लावले, कारण हातात काहीच नसलं की पहिल्या आजारपणात कार्ड पुन्हा बाहेर येतं.

पुढचा क्रम ठरवताना आमचं जमेना. हिशोबाने पाहिलं तर जिथे व्याज जास्त ते आधी फेडायचं. बचत गटाचं व्याज शेकडा दोन असलं तरी ते गटातच, म्हणजे आपल्याच घागरीत पडतं. नणंदेच्या पैशाला तर व्याजच नाही, म्हणून तिचा नंबर शेवटी. पण ही ऐकेना. म्हणाली, 'काकू, बँकवाले माझ्याकडे गौरीजेवणाला येत नाहीत.' यावर मी काय बोलणार? दर महिन्याच्या पाच तारखेला नणंदेला हजार रुपये, असं ठरलं.

नवऱ्याला सांगायचं की नाही, हा आणखी अवघड प्रश्न. मी याबाबत कुणालाच आग्रह करत नाही. काही घरांत ते सोपं नसतं आणि काही घरांत सुरक्षितही नसतं. हिने आपण होऊन एका रविवारी ती यादीच त्याच्या पुढ्यात ठेवली. दोन दिवस घरात कुणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी त्याने सांगितलं, त्यानेही ऑफिसच्या पतपेढीतून २५,००० घेतले होते. यादीत सातवी ओळ वाढली. पण त्या महिन्यापासून दोघांचे पगार-पाणी एका वहीत यायला लागले.

वहीचा खरा उपयोग कळला तो निराळ्याच ठिकाणी. फोनवरून वीस-तीस रुपये देताना काही जाणवत नाही. पर्समधली शंभराची नोट मोडताना हात जरा तरी अडतो. म्हणून रोज रात्री भांडी आवरली की फोनमधले सगळे व्यवहार वहीत उतरवायचे, असं मी सांगितलं. त्यात दिसलं की तिच्या गिऱ्हाइकांकडेच तिचे ११,४०० रुपये थकलेत! नोकरीसाठी एकटी राहणारी मुलं 'मावशी, पुढच्या महिन्यात' म्हणायची आणि हिला मागायची लाज. आता मुलगी दर एक तारखेला सगळ्यांना मेसेज पाठवते. आणि केंद्राचे पैसे वेगळ्या खात्यात जमा होतात, घरखर्चात मिसळत नाहीत.

जूनमध्ये तिची भिशी लागली, २४,००० आले. बारातला तिचा दहावा नंबर होता. पहिला-दुसरा नंबर लागला तर भिशी म्हणजेही कर्जच, पुढचे हप्ते चुकत नाहीत. एवढंच की बिनव्याजी. आणि ते पैसे हातात आले की पावलं आपोआप साडीच्या दुकानाकडे वळतात. तिने त्यातून अ‍ॅपचं खातं संपवलं आणि कार्डाचं उरलंसुरलं भरलं.

नवीन कर्ज घ्यायचीच वेळ आली, तर मैत्रिणींनो, एक कागद मागून घ्याच. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या वैयक्तिक कर्जाआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणं बंधनकारक आहे आणि ते कर्जदाराला कळणाऱ्या भाषेत हवं. म्हणजे मराठीत मागा, लाजू नका. त्यात फीसकट वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. 'बारा टक्के फ्लॅट' ऐकायला स्वस्त वाटतं. एक लाखाला तीन वर्षांचे ३६,००० व्याज, हप्ता ३,७७८. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर लावलेलं असतं, त्यामुळे खरा दर पडतो एकवीस टक्क्यांच्या आसपास. अ‍ॅपवरून घेणार असाल तर ते रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या यादीत आहे का ते बघा; ही यादी जुलै २०२५ पासून तिथे आहे. फोनमधले नातेवाइकांचे नंबर मागणाऱ्या अ‍ॅपला तर लांबूनच नमस्कार. आणि वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायची परवानगी नाही, हेही लक्षात असू द्या.

सोन्याचा भाव चढल्यावर तिला बँकेतून सांगितलं गेलं, 'ताई, याच पाटल्यांवर आता आणखी मिळतील.' ती तशीच तिथून उठून आली. मागच्या शनिवारी पासबुक दाखवायला आली होती. व्याज भरून मुद्दलातले ६,००० कमी झालेत. पाटल्या अजून बँकेच्या तिजोरीतच आहेत. त्या कधी सुटतील याचा हिशोब मुलीने वहीच्या शेवटच्या पानावर मांडलाय, दर महिन्याची एक ओळ. मी बेरीज दोनदा तपासली. बरोबर होती.