सायलेन्सरची ज्वाळा टिपताना

नांदेड-लातूरच्या रस्त्यावर सायलेन्सर बदललेली बुलेट फाडकन फटाका काढते, तेव्हा इंजिनात न जळलेले पेट्रोल तापलेल्या नळीत पेट घेत असते. रॅलीच्या मोटारींत हे मुद्दाम घडवतात. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावरही टर्बो फिरता राहावा, म्हणून थोडे इंधन एक्झॉस्टमध्ये जाळले जाते आणि मागे निळी-केशरी ज्वाळा उसळते.

‘फोर्झा होरायझन ५’ (२०२१) आणि ‘ग्रॅन टुरिस्मो ७’ (२०२२) या गेममध्ये ही ज्वाळा दिसते आणि फोटो मोडमध्ये तिचा फोटोही काढता येतो. अडचण एकच: ती क्षणभरच टिकते. त्यामुळे टर्बोची गाडी निवडा, गिअर मॅन्युअल ठेवा, इंजिन लाल रेषेपर्यंत ताणा आणि अ‍ॅक्सिलरेटर झटकन सोडा. फोर्झात नेमक्या त्याच क्षणी फोटो मोडचे बटण दाबावे लागते. ग्रॅन टुरिस्मोचे काम जास्त सोपे, कारण शर्यत संपल्यावर रीप्ले थांबवून हवा तो क्षण निवडता येतो. नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी, असे मला ठामपणे वाटते.

वेळ संध्याकाळची किंवा रात्रीची घ्या. भर उन्हात ज्वाळा फिकी पडते. कॅमेरा मागच्या बंपरच्या उंचीला, किंचित बाजूला ठेवा. एक्स्पोजर थोडे कमी करा, नाहीतर ज्वाळेचा नुसता पांढरा ठिपका उरतो आणि तिचे रंग हरवतात.

हा नाद पडद्यावरच पुरवा. रस्त्यावर फटाके काढणारा सायलेन्सर बसवणे मोटार वाहन कायद्यानुसार दंडनीय आहे.