वाडगा फुटला, आता काय करायचं?

मागच्या दोन भागांत आपण लेथवर लाकूड कसं बांधायचं आणि हत्याराला धार कशी लावायची ते पाहिलं. आजचा विषय थोडा नाजूक आहे : बिघडलेलं काम.

चार तास खपून वाडगा घडवावा, पॉलिशला दहा मिनिटं उरावीत, आणि खाडकन आवाज होऊन त्याचे दोन तुकडे व्हावेत. लेथवर काम करणाऱ्या कुणाचीच यातून सुटका नाही. शिवण चुकली तर उसवता येते, माती बिघडली तर पुन्हा मळता येते. लाकूड एकदा कातलं की कातलं. म्हणून हे अपयश जरा जास्तच लागतं, आणि माणूस लगेच म्हणतो, ‘मला हे जमायचं नाही.’

माझं म्हणणं असं, की हे वाक्य उच्चारण्याआधी तुटलेला तुकडा हातात घेऊन नीट बघा. बहुतेक वेळा कारण त्याच्यावरच लिहिलेलं असतं. कारण तीनपैकी एक असतं : लाकूड, हत्यार किंवा माप.

आधी लाकूड. ओलं लाकूड सुकताना आकसतं, पण सगळीकडून सारखं नाही. वर्षवलयांच्या कडेकडेने ते जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच केंद्राकडच्या दिशेने आकसतं. या ओढाताणीत खोडाचा मधोमधचा भाग आधी तडकतो. शिवाय कापलेल्या टोकांकडून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने उडतं. आमच्या बेंगळुरूत एप्रिल-मेच्या वादळी पावसात गुलमोहर, वर्षावृक्ष पडतात आणि हौशी मंडळी रीतसर विचारून ओंडके घरी आणतात. ते तसेच गच्चीवर ठेवले तर काही दिवसांत टोकांना चिरा दिसू लागतात. उपाय सोपा आहे : ओंडका मधोमध उभा चिरून तो मधला भाग काढून टाका, टोकांना मेण किंवा जाड रंग फासा, आणि ठोकळा सावलीत ठेवा. वाडगा ओल्या लाकडाचा करायचा असेल तर आधी जाड भिंतीचा कातून ठेवा. सुकून वाकडा झाला की पुन्हा चढवून अंतिम आकार द्या.

तडा जुना की नवा, हेही ओळखता येतं. तुटलेली जागा आतून काळपट किंवा धुळकट असेल तर चीर आधीपासून होती. लख्ख, ताजी असेल तर ती आत्ता पडली.

दुसरं हत्यार. चालू लेथवर हत्यार अचानक लाकडात रुततं आणि हिसका बसतो, ते सगळ्यांनी अनुभवलं असेल. धारेमागचा उतार लाकडावर टेकलेला नसला, किंवा धारेचा आधार नसलेला कोपरा आधी लागला, की असं होतं. तुकड्यावर नागमोडी खोल ओरखडा दिसला तर समजा, दोष लाकडाचा नाही. आधी उतार टेकवा, मग हळूहळू धार लावा. टेकू लाकडाच्या जवळ ठेवा, आणि तो सरकवताना लेथ बंद करा. बोथट हत्यार जास्त रुततं, कारण आपण ते दाबतो.

तिसरं माप. आतून कोरता कोरता तळालाच भोक पडतं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तसा वाडग्याचा नरसाळं होतो! यावर अंदाज कामाचा नाही. आधी बाहेरची उंची मोजा, त्यातून चकने धरलेली बैठक आणि तळाची जाडी वजा करा, आणि उरलेल्या खोलीचं भोक ड्रिलने मधोमध पाडा. भोक संपलं की कोरणं थांबवायचं.

आता जरा गंभीर. चीर पडलेला वाडगा ‘थोडंच राहिलंय’ म्हणून फिरवत ठेवू नका. दहा इंची वाडगा मिनिटाला 1000 फेरे घेत असेल, तर त्याची कड ताशी सुमारे 48 किलोमीटर वेगाने जात असते. त्या वेगाने लाकूड तोंडावर आलं तर काय होईल, विचार करा. वेगाचा ढोबळ हिशेब असा : इंचांतला व्यास गुणिले मिनिटाचे फेरे, हा गुणाकार 6000 ते 9000 मध्ये ठेवा. लाकूड ओबडधोबड असेल तर त्याहून कमी. तोंडावर पूर्ण शील्ड, हातमोजे नाहीत, ओढणी किंवा सैल बाही नाही, आणि लेथ सुरू करताना वाडग्याच्या रेषेत उभं राहायचं नाही. बारीक चिरेत फेविक्विक भरून वेळ मारून नेता येते, पण आरपार गेलेल्या चिरेला ते नको. तो तुकडा उतरवा. चार तास गेले तर गेले, डोळा परत मिळत नाही.

इथून म्हैसूर रस्त्याने साधारण 60 किलोमीटरवर चन्नपट्टण आहे, लाखेच्या खेळण्यांचं गाव. तिथलं लाकूड कन्नडमध्ये ‘आले मर’, म्हणजे आपला काळा कुडा. आंध्रातल्या एटिकोप्पाकाची खेळणीही त्याच झाडाची. पांढरं, मऊ, एकसारख्या पोताचं लाकूड. ते आधी सुकवतात आणि मग कातायला घेतात. वस्तूही लहान. फिरत्या खेळण्यावर लाखेची रंगीत कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून बसते, आणि वर केवड्याच्या जातीच्या पानाने चकाकी आणतात. मला यातून एक गोष्ट घ्यावीशी वाटते : तिथे एक तुकडा गेला तर लहानसा ठोकळा जातो, महिनाभराचं स्वप्न जात नाही. आपण हौशी लोक पहिल्याच महिन्यात महागडं सागवान आणि बारा इंची वाडगा घेऊन बसतो, मग एकेक अपयश डोंगराएवढं होतं. शिकताना स्वस्त लाकूड आणि लहान वस्तू घ्या : भोवरा, लाटणं, मुदपाखीचा साचा नाही जमला तरी मणी. सावंतवाडीची लाकडी फळं आठवा, तीही हातात मावणारीच.

आणि फुटलंच तर? लेथ बंद करा, दिव्याचं बटणही बंद करा आणि चहा घ्या. रागात दुसरा ठोकळा चढवू नका. त्या अवस्थेत हात दाबून चालतात. तुकडा त्याच दिवशी फेकूही नका. माझ्याकडे अशा तुकड्यांचं एक खोकं आहे. प्रत्येकावर पेन्सिलने लाकडाचं नाव, तारीख आणि तीनपैकी कोणतं कारण, एवढंच लिहितो. वीसेक तुकडे जमले की एकच कारण पुन्हा पुन्हा दिसू लागतं, आणि पुढचा सराव कशाचा करायचा ते कळतं. ‘मला जमत नाही’ यावर काही करता येत नाही. ‘टेकू लांब राहतो’ यावर उद्या सकाळी करता येतं.

पुढच्या भागात ओलं लाकूड घरच्या घरी सुकवायचं कसं, वजन करून ते सुकलं की नाही हे कसं ओळखायचं, ते पाहू. तोवर तुमच्याकडचा एखादा फुटका तुकडा शोधून त्याची तुटलेली बाजू उजेडात धरून बघा. भेटू या.