भरपाईच्या दाव्यात बचाव नेमका कशाचा?

छत्तीसगडमध्ये रायपूर आणि भिलाई यांच्या दरम्यान असलेल्या कुम्हारीत 9 एप्रिल 2024 च्या रात्री कामावरून परतणाऱ्या कामगारांची बस मुरमाच्या खाणीत कोसळली. किमान 12 जण मृत्युमुखी पडले. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीचा आदेश निघाला, शोकसंदेश आले, मदतीच्या घोषणा झाल्या. अशा दुर्घटनेनंतर वार्ताहर निघून जातात, तेव्हा खरी दिवाणी लढाई सुरू होते. तिच्यात मालकाच्या किंवा विमा कंपनीच्या बाजूने उभा राहणारा वकील काय करतो, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही.

अमेरिकेत असा वकील ज्युरीसमोर बोलतो. तेथील सातव्या घटनादुरुस्तीने दिवाणी दाव्यातही ज्युरीचा हक्क राखला आहे. आपल्याकडे ज्युरी होती ती मुख्यतः फौजदारी खटल्यांत. 1959 च्या नानावटी खटल्याने ती गाजली आणि 1973 च्या संहितेने संपली. (पारशी वैवाहिक न्यायालयांतील ‘डेलिगेट’ हा एक मनोरंजक अपवाद.) त्यामुळे आपल्या बचावाच्या वकिलाला बारा सामान्य माणसांचे मन वळवावे लागत नाही. त्याचे श्रोते म्हणजे एक न्यायाधीश आणि एक फाइल.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढील लेखी जबाब वाचले की हे जाणवते. अपघात नाकबूल, नोकरी नाकबूल, वय नाकबूल, उत्पन्न नाकबूल. यातील शेवटचा नकार सर्वांत महाग असतो. उदाहरणादाखल 32 वर्षांचा, चार अवलंबित मागे ठेवून गेलेला कंत्राटी कामगार घेऊ. सरला वर्मा (2009) आणि प्रणय सेठी (2017) या निकालांतील सूत्रानुसार मासिक 12,000 रुपये वेतन सिद्ध झाले, तर अवलंबितांच्या नुकसानीची रक्कम 24,19,200 रुपये होते. वेतनाची पावती नसल्याने 8,000 रुपयेच धरले गेले, तर ती 16,12,800 वर येते. आठ लाखांचा हा फरक कोणत्याही ओजस्वी भाषणाने पडलेला नाही. तो एका न सापडलेल्या कागदामुळे पडला. आणि तो कागद बहुधा मालकाच्याच कपाटात असतो.

कठोर बचाव गैर नव्हे. बनावट दावे होतात, वाढीव बिले जोडली जातात; ती उघडी पाडणे हे वकिलाचे कर्तव्यच आहे. परवाना किंवा पॉलिसीच्या अटींचा भंग झाल्याचा आक्षेपही घेता येतो. मात्र तो सिद्ध करण्याचा भार विमा कंपनीवर आहे, असे स्वर्णसिंग प्रकरणात 2004 मध्येच ठरले. परंतु अशिलाला जे सत्य ठाऊक आहे, तेच विधवेला पुराव्याने सिद्ध करायला लावणे याला बचाव म्हणता येणार नाही. 2019 च्या दुरुस्तीने विमा कंपनीवर तडजोडीच्या प्रस्तावासाठी 30 दिवसांची मुदत घातली, ती याच खेळाला आळा घालण्यासाठी.

वैद्यकीय निष्काळजीपणाच्या दाव्यात मात्र बचाव अधिक अवघड आणि अधिक आवश्यकही असतो, कारण रुग्ण दगावला म्हणजे डॉक्टर चुकला असे नव्हे. 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालाने फौजदारी कारवाईच्या बाबतीत डॉक्टरांना संरक्षण दिले, ते योग्यच. तरीही या विषयातील आपला आद्य निकाल महाराष्ट्रातला आहे. मे 1953 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्याला आणले गेले आणि उपचारानंतर त्याच दिवशी तो गेला. मृत्यू मेदकणांनी रक्तवाहिनी अडल्यामुळे झाला, असा डॉक्टरांचा बचाव होता. पुरेशी भूल न देता, जोर लावून हाड बसवले गेले आणि त्या आघाताने मृत्यू झाला, हा निष्कर्ष न्यायालयांनी स्वीकारला. जोशी विरुद्ध गोडबोले या नावाने ओळखला जाणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मे 1968 मध्ये लागला. मुलाला जाऊन तोवर पंधरा वर्षे झाली होती. कायम झालेली भरपाई होती 3,000 रुपये.