साखरेच्या पट्टीवरचा पहारेकरी

कोलकात्यात पाहुणा घरी आला की संदेश नाहीतर मिष्टी दोई पुढे येतेच. त्याच घरात बऱ्याचदा आजी-आजोबांचे साखर तपासण्याचे यंत्रही असते. पट्टीला रक्ताचा थेंब लावला, की काही सेकंदांत आकडा दिसतो. तो येतो कुठून?

पट्टीवर बारीक इलेक्ट्रोड असतात. रेणूने इलेक्ट्रोडला इलेक्ट्रॉन दिले, की विद्युतप्रवाह वाहतो आणि यंत्र तो मोजते. पण कोऱ्या इलेक्ट्रोडला रेणूंची ओळख पटत नाही. रक्तातले क जीवनसत्त्व, युरिक आम्ल, तापावर घेतलेले पॅरासिटामॉल हेसुद्धा इलेक्ट्रॉन देतात. गेटवर पहारेकरी नसेल तर कोणीही आत शिरतो, तसेच हे.

म्हणून इलेक्ट्रोडवर खास थर चढवतात. यालाच सुधारित इलेक्ट्रोड म्हणतात. ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर ग्लुकोजला ओळखून त्याचे इलेक्ट्रॉन काढून घेते. दुसरा एक रेणू निरोप्यासारखा ते इलेक्ट्रोडपर्यंत पोचवतो. विकर लावलेल्या इलेक्ट्रोडची कल्पना लेलंड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी १९६२ साली मांडली. १९८७ मध्ये पेनाच्या आकाराचे घरगुती यंत्र बाजारात आले. मेंदूतील डोपामिन शोधताना नॅफिऑनचा थर वापरतात. त्यावर ऋण भार असल्याने ऋणभारित क जीवनसत्त्व बाहेर अडते आणि धनभारित डोपामिन आत जाते.

पहारेकरी चुकला तर? काही पट्ट्यांवर वेगळे विकर होते. ते माल्टोजलाही ग्लुकोज समजे. मूत्रपिंडाच्या काही रुग्णांना पोटातून डायलिसिस करताना आयकोडेक्स्ट्रिन नावाचा द्रव देतात. त्यापासून रक्तात माल्टोज तयार होते. यंत्रावर साखर जास्त दिसायची, इन्सुलिन जास्त दिले जायचे आणि खरी साखर धोकादायक इतकी खाली जायची. २००९ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याबद्दल इशारा दिला. तेव्हा अशा १३ मृत्यूंची नोंद झालेली होती.

मित्रांनो, सुट्टीत घरी गेल्यावर एवढे करा. तपासणीआधी आजीला हात धुऊन कोरडे करायला सांगा, कारण बोटावरच्या मिठाईची साखरही पट्टी मोजते. पट्ट्यांची डबी घट्ट बंद ठेवा आणि मुदत पाहा. कोणती औषधे चालतात, कोणती आकडा बिघडवतात, हे सोबतच्या पत्रकात वाचा. आकडा आणि तब्येत यांचा मेळ बसत नसेल, तर लगेच डॉक्टरांना सांगा आणि प्रयोगशाळेत रक्त तपासून घ्या.